सोंग आणि देवक

मराठी वर्तमानपत्रांनी ‘मॅस्कॉट’साठी ‘शुभंकर’ हा शब्द रुळवला. शब्द गोड आहे, स्पर्धेच्या उद्घाटनाच्या बातमीत शोभून दिसतो. पण तो घेऊन रिओ दि जानेरोला गेलं की पंचाईत होते. तिथला फ्लामेंगो हा ब्राझीलमधला सर्वाधिक चाहत्यांचा क्लब. त्याचा शुभंकर आहे गिधाड.

हे गिधाड क्लबने निवडलेलं नव्हतं. फ्लामेंगोच्या चाहत्यांत गरीब वस्त्यांतले लोक पुष्कळ, त्यांत कृष्णवर्णीयही पुष्कळ. म्हणून समोरच्या क्लबांचे प्रेक्षक त्यांना ‘उरुबू’ म्हणून हिणवायचे. उरुबू म्हणजे उकिरड्यावर घिरट्या घालणारं काळं गिधाड. शिवी उघडउघड वर्णद्वेषाची होती. १९६९ साली बोताफोगोविरुद्धच्या सामन्याला फ्लामेंगोच्या काही पोरांनी खरंखुरं गिधाड पकडलं, लपवून माराकाना स्टेडियमात नेलं, त्याच्या पायाला क्लबचा झेंडा बांधला आणि सोडून दिलं. गिधाड प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत मैदानात उतरलं. वर्षानुवर्षं जो शब्द कानात शिशासारखा ओतला गेला होता, तोच शब्द फ्लामेंगोवाले आता स्वतःच्या तोंडाने, हसत, ओरडू लागले. सामना त्यांनी २-१ असा जिंकला. पुढे एन्फिल या व्यंगचित्रकाराने हे गिधाड आपल्या रेषांनी घरोघर पोचवलं. त्याआधी क्लबचं चित्ररूप म्हणून पॉपाय हा खलाशी मिरवत होता. गिधाड आलं आणि पॉपाय गेला.

उंदरावर बसणाऱ्या लंबोदराला मंगलमूर्ती म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको. तरीही गोष्ट विचार करायला लावते. लाखो लोकांना आपली म्हणून मिरवायला एक खूण हवी असते, तेव्हा ती सुंदर असावी, शूर असावी, निदान स्वच्छ असावी, असं आपण गृहीत धरतो. सिंह, गरुड, वाघ, घोडा. जगातल्या निम्म्याअधिक क्लबांनी तेच केलं आहे. मग ज्या खुणांवर लोक खरोखर जीव टाकतात त्यांत गिधाड, डुक्कर, माकड आणि बोकड का निघावेत?

डुकराची कथा साओ पावलोच्या पाल्मेइरास क्लबची. १९६९ मध्येच कोरिंथियान्स या त्यांच्या हाडवैऱ्याचे दोन खेळाडू मोटार अपघातात गेले. नोंदणीची मुदत संपून गेली होती. बदली खेळाडू घेऊ द्या, अशी कोरिंथियान्सने विनंती केली. पाल्मेइरासने हरकत घेतली. त्या कोतेपणाबद्दल त्यांच्या कपाळी ‘पोर्कू’, म्हणजे डुक्कर, ही शिवी चिकटली. सतरा वर्षं ती त्यांनी सोसली. १९८६ साली त्यांच्याच चाहत्यांनी ती आपल्या घोषणेत घेतली, क्लबचा एक खेळाडू मासिकाच्या मुखपृष्ठावर डुक्कर कुशीत घेऊन झळकला आणि शिवीची धार त्या दिवसापासून बोथट झाली. फ्लामेंगोच्या लोकांवर अन्याय झाला होता, पाल्मेइरासच्या बाबतीत चूक थोडी त्यांच्याकडेही होती. हा फरक लहान नाही. पण इलाज दोघांनी एकच केला. समोरच्याच्या हातातला दगड काढून घेतला आणि आपल्याच देव्हाऱ्यात मांडला.

माकड इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलचं. दंतकथा अशी की नेपोलियनच्या युद्धांच्या काळात एक फ्रेंच जहाज तिथे फुटलं आणि गणवेश घातलेलं एक माकड तेवढं वाचलं. गावकऱ्यांनी ना कधी फ्रेंच माणूस पाहिला होता ना माकड. त्यांनी खटला भरला आणि फ्रेंच हेर समजून माकडाला फासावर चढवलं. खरं-खोटं देव जाणे. पण ‘माकडाला फाशी देणारे’ हा टोमणा हार्टलपूलच्या माणसाला कुठल्याही परगावच्या मैदानावर ऐकावा लागे. १९९९ मध्ये हार्टलपूल युनायटेडने एक माकडच मैदानात उतरवलं आणि नाव ठेवलं ‘हँगस’, ज्यात फाशी आणि अँगस हे नाव दोन्ही आली. त्या माकडाच्या आत स्टुअर्ट ड्रमंड नावाचा तरुण होता. २००२ साली शहराच्या महापौरपदाची थेट निवडणूक झाली. हा तरुण माकडाच्या पोशाखात उभा राहिला, शाळकरी मुलांना फुकट केळी देण्याचं आश्वासन दिलं आणि मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यात निवडून आला. थट्टा म्हणून लोकांनी एकदा मत दिलं असेल. पण २००५ आणि २००९ मध्येही त्यालाच पुन्हा निवडून दिलं. गावाला आपल्या मूर्खपणाच्या दंतकथेची लाज वाटणं थांबलं, तेव्हा ती दंतकथा महापौरही होऊ शकली.

आता याविषयीचं प्रचलित उत्तर तपासू. क्लबांच्या विपणन विभागात आणि क्रीडा-पुरवण्यांतही एक सिद्धान्त सर्रास सांगितला जातो. शुभंकर म्हणजे क्लबच्या मूल्यांचं मूर्त रूप. क्लबचा इतिहास, शहराचा स्वभाव, खेळाची शैली या सगळ्याचा अर्क काढायचा, त्याला डोळे-कान लावायचे, की शुभंकर तयार. ऐकायला पटतं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी खरंही असतं. नॉर्विच सिटीचा पिवळा कॅनरी पक्षी हे त्याचं चांगलं उदाहरण. सोळाव्या शतकात फ्लँडर्सकडून आलेल्या विणकरांच्या मागोमाग कॅनरी पाळण्याचा नाद त्या शहरात रुजला, पुढे तो पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुटबॉल क्लबने पक्ष्याचं नाव घेतलं, मग अंगावरचा रंगही. इथे शहर, पक्षी आणि क्लब यांच्यात धागा आहे आणि तो दाखवता येतो.

पण जर्मनीतल्या कोलोनचा बोकड घ्या. एफसी कोलोन हा क्लब दोन जुन्या क्लबांच्या विलीनीकरणातून १९४८ साली झाला. १९५० च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या धुळवडीत, कॅरोला विल्यम्स या सर्कस-मालकिणीने क्लबला एक जिवंत बोकड भेट दिला. हेतू गमतीचा. त्यात सर्कशीची जाहिरातही झालीच. बोकडाला नाव दिलं गेलं हेनेस, तेव्हाचे खेळाडू-प्रशिक्षक हेनेस वाइसवाइलर यांच्यावरून. बोकडाचा कोलोनच्या इतिहासाशी संबंध काय? काही नाही. शहरातल्या मोठ्या चर्चशी, ऱ्हाइन नदीशी, क्लबच्या खेळशैलीशी? तोही नाही. शिवाय क्लबला स्वतःचा म्हणावा असा इतिहास तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. तरी आज बोकड क्लबच्या बोधचिन्हावर आहे, क्लबच्या सराव-केंद्राचं नाव ‘बोकडाचं घर’ अशा अर्थाचं आहे, संघाला सगळा देश ‘बोकड’ म्हणूनच ओळखतो आणि घरच्या सामन्याला खरा बोकड मैदानाच्या कडेला उभा असतो. राजांना द्यावेत तसे त्याला क्रमांक आहेत. २०१९ मध्ये आठवा हेनेस वयोमानाने निवृत्त झाला आणि नववा गादीवर आला. त्याचं बिऱ्हाड शहराच्या प्राणिसंग्रहालयात आहे.

म्हणजे अर्क काढण्याचा सिद्धान्त इथे निकालात निघतो. बोकडात कोलोनचा कुठलाच अर्क नव्हता. त्याला अर्थ आला तो नंतर, सत्तरहून अधिक वर्षं लोकांनी त्याला सांभाळला म्हणून. पहिली बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, १९६४ साली कोलोनने जिंकली तेव्हा तो होता. वाइसवाइलर प्रशिक्षक म्हणून परतले आणि १९७८ मध्ये लीग आणि चषक दोन्ही मिळाले, तेव्हाही बोकड होता. अलीकडच्या काळात क्लब पुन्हापुन्हा खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हाही होता. आजोबांनी पाहिलेला हेनेस आणि नातवाने पाहिलेला हेनेस हे दोन वेगळे बोकड आहेत, पण दोघं बोलतात ते एकाच हेनेसबद्दल.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे: देवक. मराठा कुळांत आणि इतरही अनेक जातींत प्रत्येक कुळाचं देवक असतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. लग्नात देवक बसवल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही आणि एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. कळंबच का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावं. बहुतेक वेळा ‘आपलं पहिल्यापासून आहे’ एवढंच उत्तर मिळतं. कळंबाच्या झाडात त्या कुळाची शौर्यगाथा दडलेली नसते. नातं झाडाच्या गुणांवर उभं नाही, ते पाळण्यावर उभं आहे. त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, कार्यात त्याची फांदी आणायची, त्याच्यावरून आपली माणसं ओळखायची. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली टोळ्यांच्या कुलचिन्हांबद्दल जे मांडलं त्याचं सार हेच होतं: चिन्हाभोवती जमणारे लोक खरं तर स्वतःच्या एकत्र असण्यालाच पूजत असतात. चिन्ह कुठलंही चालतं. पण एकदा ठरलं की बदलायचा अधिकार एकट्यादुकट्याचा राहत नाही.

माझा मुद्दा या शेवटच्या वाक्यापाशी सुरू होतो. शुभंकर क्लब कसा आहे हे क्वचितच सांगतो. क्लब कोणाचा आहे हे मात्र तो हटकून सांगतो. त्याच्यावरून भांडण पेटतं तेव्हा वरवर ते रंगाचं, पक्ष्याचं, पोशाखाचं दिसतं. आत ते सातबाऱ्याचं असतं.

वेल्सच्या राजधानीत हे भांडण फार स्वच्छ दिसलं. कार्डिफ सिटीचा संघ निळ्या पोशाखात खेळायचा आणि ‘ब्लूबर्ड्स’ म्हणवून घ्यायचा. हे नाव कसं पडलं, तर १९११ च्या सुमारास मॉरिस मेटरलिंक या बेल्जियन लेखकाचं ‘द ब्लू बर्ड’ हे नाटक शहरात झालं, त्यावरून, असं सांगतात. क्लबची मालकी मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांच्याकडे आली आणि २०१२ मध्ये त्यांनी पोशाख लाल केला. आशियात लाल रंग शुभ मानतात, माल खपेल, हा हिशेब. बोधचिन्हावर मोठा लाल ड्रॅगन आला, निळा पक्षी आक्रसून त्याच्या पायाशी गेला. गंमत अशी की ड्रॅगन हे तर वेल्सच्या राष्ट्रध्वजावरचं चिन्ह. इतिहास, भूमी, अस्मिता या कुठल्याही कसोटीवर परदेशी नाटकातून उडत आलेल्या पक्ष्यापेक्षा तो कितीतरी पटींनी ‘अस्सल’. त्यात लाल पोशाखाच्या पहिल्याच मोसमात संघाला प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली. म्हणजे शुभंकर अक्षरशः शुभ ठरला! तरी लोक पक्षी परत मागत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी माघार घेतली आणि संघ पुन्हा निळ्यात उतरला.

अस्सलपणाचा सिद्धान्त खरा असता तर कार्डिफच्या चाहत्यांनी ड्रॅगनचं स्वागत करायला हवं होतं. त्यांना ड्रॅगनबद्दल राग नव्हता; वेल्सच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्याला हेच लोक ड्रॅगनचा झेंडा फडकवतात. राग होता तो न विचारता बदलल्याचा. घरातला देव्हारा भाडेकरूने हलवावा, आणि वर म्हणावं की ‘तुमच्यापेक्षा मोठी मूर्ती आणली आहे’, तसं ते होतं. कागदोपत्री मात्र टॅनच घरमालक होते. म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

ऑस्ट्रियात त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर निघालं. १९३३ साली स्थापन झालेला ऑस्ट्रिया साल्झबुर्ग हा जांभळ्या-पांढऱ्या रंगांचा क्लब २००५ मध्ये रेड बुल कंपनीने घेतला. नाव, रंग, चिन्ह सगळं कंपनीचं झालं. झुंजणारे दोन लाल बैल थेट पेयाच्या डब्यावरून छातीवर आले. जुन्या चाहत्यांनी काही काळ वाटाघाटी केल्या, मग उठून जुन्याच नावाचा, जुन्याच रंगांचा नवा क्लब काढला आणि सातव्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली. एका बाजूला युरोपात खेळणारा धनाढ्य संघ, दुसऱ्या बाजूला गावठी मैदानांवर उतरणारी पोरं. आणि ‘आम्हीच खरे’ हा दावा दुसऱ्यांचा.

याच कंपनीने २००९ मध्ये जर्मनीत लायपझिगला क्लब उभा केला. जर्मनीत क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांकडे असावं असा नियम आहे. कोलोनचे लाखाहून अधिक सभासद आहेत. लायपझिगने मताधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवून नियमाच्या अक्षराला हात लावला नाही, जीव मात्र काढून घेतला. ऑगस्ट २०१६ मध्ये ड्रेस्डेनला चषकाच्या सामन्यात तिथल्या प्रेक्षकांतून बैलाचं कापलेलं मुंडकं मैदानाच्या कडेला फेकलं गेलं. कृत्य किळसवाणं होतं, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण फेकणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. तुमचा बैल डब्यावरचा आहे. हा घ्या खरा.

इथे समंजस वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. व्यापारातून आलेलं सगळंच खोटं म्हणायचं का? कोलोनचा बोकड सर्कशीतून आला. आर्सेनलचा गनरसॉरस हा हिरवा डायनासोर तर १९९३ मध्ये क्लबच्याच बाल-चाहत्यांसाठी घेतलेल्या स्पर्धेतून जन्माला आला. अकरा वर्षांच्या मुलाने काढलेलं चित्र निवडलं गेलं. वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ साली काढलेल्या या क्लबचा डायनासोरशी काय संबंध? मुलांना क्लबची चटक लावावी, खेळणी खपावीत, एवढाच. शिवाय नेदरलँड्सचा पीएसव्ही फिलिप्स कंपनीचा आणि लेव्हरकूसेन बायर कंपनीच्या कामगारांचा. आपल्या गोव्यात धेंपो आणि साळगावकर ही तर खाणमालक घराण्यांचीच नावं, आणि गोंयकारांनी त्या नावांसाठी फातोर्ड्याच्या स्टेडियमात घसे फोडले आहेत. मग बैलानेच काय घोडं मारलं?

हरकत रास्त आहे आणि तिच्यामुळेच मुद्दा धारदार होतो. जन्म कुठे झाला हे महत्त्वाचं नाही, सांभाळलं कुणी हे महत्त्वाचं. गनरसॉरसच्या बाबतीत हे २०२० साली उघड झालं. करोनामुळे स्टेडियम रिकामं, उत्पन्न आटलेलं. आर्सेनलने पंचावन्न नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. त्यात सत्तावीस वर्षं डायनासोरच्या पोशाखात घाम गाळणाऱ्या माणसाची नोकरीही गेली. ती बातमी आली त्याच दिवशी क्लबने थॉमस पार्टे या खेळाडूसाठी साडेचार कोटी पौंड मोजले. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे म्हण उलटी झाली. पैसा खरा होता, सोंग परवडत नव्हतं. लोक चिडले. मेसुत ओझिल हा खेळाडू त्या वेळी संघाबाहेर बसवला गेला होता. मी आर्सेनलमध्ये असेपर्यंत या माणसाचा पूर्ण पगार मी देतो, असं त्याने जाहीर केलं. पुढे डायनासोर मैदानावर परतला.

त्या एका दिवसात लोकांना एक गोष्ट दिसली. क्लबच्या हिशेबवहीत तो पोशाख म्हणजे खर्चाची एक ओळ होती. चाहत्यांच्या लेखी तो घरातलं माणूस होता, कारण पोशाखाच्या आत एकच माणूस होता आणि तो सत्तावीस वर्षं येत होता. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात मुखवटा चढवलेल्या माणसाला गाव हात जोडतं. हात देवाला जोडलेले असतात, तरी आत कोण आहे हे गावाला पक्कं ठाऊक असतं. सोंगाचं देवक होतं ते याच ठाऊक असण्यातून. कंपनीला मुखवटा विकत घेता येतो. तो कुणाच्या चेहऱ्यावर किती वर्षं बसला, हे विकत घ्यायला दुकान नाही.

म्हणून लायपझिगच्या बैलाला मी कायमचा बाद करणार नाही. तिथली आजची मुलं त्याच्यासोबत वाढत आहेत. त्यांच्यासाठी तो डब्यावरचा बैल नाही, बापाचा हात धरून पाहिलेला पहिला सामना आहे. पन्नास वर्षांनी कंपनी निघून गेली आणि लोकांनी बैल ठेवून घेतला, तर तो त्यांचा झाला असं म्हणावं लागेल. फक्त एक अट आहे. ठेवून घेण्याचा हक्क त्यांच्या हातात असायला हवा.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. लोकांचं म्हणून जे जे, ते सगळं चांगलं असतं का? ड्रेस्डेनचं मुंडकं फेकणारेही लोकच होते आणि फ्लामेंगोला गिधाड म्हणणारेही. लिस्बनमध्ये बेनफिकाच्या सामन्याआधी गरुड स्टेडियमवरून उडवतात; रोममध्ये लाझिओनेही तेच केलं. हजारोंच्या कोलाहलात त्या पक्ष्याला काय वाटत असेल हे कुणी विचारत नाही. कोलोनच्या बोकडाबद्दलही प्राणिप्रेमी संघटना प्रश्न करतात आणि ‘परंपरा आहे’ हे त्यावरचं उत्तर पुरेसं नाही. परंपरेच्या नावाखाली बोकडाचं काय काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मालकी म्हणजे हक्क, तशीच जबाबदारीही. देवकाच्या झाडावर कुऱ्हाड न चालवणं हा नियम झाडापेक्षा कुळावर अधिक बंधन घालतो. ज्या क्लबच्या लोकांना आपल्या चिन्हापायी स्वतःला थोडीही तोशीस लावून घ्यायची नाही, त्यांचं चिन्ह नुसतं मिरवण्यापुरतं राहतं.

मालकीचा हा वाद भारतातही होऊन गेला आहे. मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हापासून तो बंगालचा अर्धा श्वास आहे. उरलेला अर्धा ईस्ट बंगालचा. एकाचं चिन्ह शिडाची होडी, दुसऱ्याचं मशाल. पण खरी देवकं बाजारात विकायला असतात: ईस्ट बंगालचा इलिश मासा आणि मोहन बागानची कोळंबी. पोशाख घातलेली मोठी कोळंबी मैदानात नाचवायची कुणाला गरज पडली नाही. जिंकलेल्या संध्याकाळी ती ताटात येतेच. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या सहा वर्षांच्या संघाशी जोडला गेला. हिरवा-मरून रंग राहिला, होडी राहिली, फक्त नावाआधी तीन अक्षरं आली. ती काढा म्हणून चाहत्यांनी तीन वर्षं मोहीम चालवली. मार्च २०२३ मध्ये संघाने फातोर्ड्याला आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) विजेतेपद मिळवलं आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरं काढण्याची घोषणा केली. त्याऐवजी ‘सुपर जायंट’ आलं, हा भाग निराळा. कार्डिफप्रमाणे इथेही संघ जिंकत होता, तरी लोकांचा हट्ट सुटला नाही. विजय हा मालकीचा मोबदला होत नाही.

गोव्यात एफसी गोवाने २०१४ मध्ये गवा घेतला. गवा हा राज्यप्राणी, गोव्याच्या रानात खराखुरा भेटणारा, म्हणून निवड शहाणपणाची. पुढचं काम काळाचं. पुण्याचं काय झालं ते मात्र सांगायला हवं. त्याच वर्षी आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी आला आणि स्वतःला ‘स्टॅलियन्स’ म्हणवू लागला. ज्या शहराच्या इतिहासात अटकेपर्यंत घोडे दौडले तिथे याहून ‘अर्कयुक्त’ प्राणी शोधून सापडला नसता. बालेवाडीत काही वर्षं चांगली गर्दीही झाली. मग मालकांचे आर्थिक फासे उलटे पडले आणि २०१९ मध्ये संघच बंद झाला, त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आला. थोड्या निष्ठावंत चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. शहर हललं नाही. साल्झबुर्गसारखं कुणी सातव्या श्रेणीत घोडा घेऊन उतरलं नाही, कारण तो घोडा शहराच्या तबेल्यात कधी बांधलाच गेला नव्हता.

यावर ‘महाराष्ट्रात फुटबॉलची मुळंच नाहीत’ असं कुणी म्हणेल, त्याने मोसमात कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन यावं. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा तालीम. यांतल्या कुणाकडेही डोळे मिचकावणारा कापडी प्राणी नाही. मूल्यांचं मूर्त रूप घडवून देणारा सल्लागार त्यांच्या दारात उभा राहिलेला नाही. क्लब म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ, पेठ म्हणजे घर. तिथे हरलेल्या संघाचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर दूध प्यायला येतो तेव्हा त्याला काय काय ऐकावं लागतं, ते शहरालाच माहीत. तिथलं वैर कधीकधी हाणामारीवर जातं, ते चांगलं नाही. पण संघ कोणाचा, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. देवक घरात असलेल्यांना ते रस्त्यावर नाचवून दाखवावं लागत नाही.

यातून क्लब चालवणाऱ्यांनी घ्यायचं ते एवढंच. शुभंकर निवडताना इतिहासाची पानं चाळायला हरकत नाही, चित्रकाराला चार पैसे अधिक द्यायलाही हरकत नाही. पण त्यानंतर त्याला लोकांच्या स्वाधीन करायचं धाडस हवं. लोक त्याची थट्टा करतील, त्याला भलतंच नाव ठेवतील, कदाचित तुमचा सिंह बाजूला सारून एखादं गिधाड घेऊन येतील. ते होऊ द्यावं. स्वतःवर हसण्याची मोकळीक माणूस स्वतःच्या घरातच घेतो. पाहुणा म्हणून गेलेल्या घरी तो नीटनेटका बसतो.

आणि चाहत्याला स्वतःची पारख करायची असेल तर तीही सोपी आहे. उद्या सकाळी तुमच्या क्लबचा शुभंकर नाहीसा झाला, तर किती लोकांच्या घशाशी आवंढा येईल? पुण्याच्या घोड्याचं आज काय झालं, हे पुण्यात विचारून पाहावं. आणि कोलोनला जाऊन विचारावं की नवव्या हेनेसनंतर काय? बहुधा तो कोलोनकर प्रश्न न समजून तुमच्याकडे पाहत राहील. मग म्हणेल, दहावा.